बटाबाईंनी ओवलेला पंख

माझं डोकं तिशीतच उघडं पडलं. नटाला हे परवडणारं नाही, आणि राजाची कामं करणाऱ्या नटाला तर नाहीच नाही. मुकुट काय, तो दरबारापुरता. शयनगृहात, रणांगणात, वनवासात राजाला केस लागतातच. तरीही टकलापायी माझी कारकीर्द बुडाली नाही, उलट बहरली. त्याचं श्रेय आमच्या नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याखाली, एका खिडकीच्या खोलीत बसणाऱ्या बाईला. कोवळ्या राजपुत्रापासून पिकल्या सम्राटापर्यंत मी जेवढे केस मिरवले, ते सगळे तिच्या बोटांतून उगवले. लोक टाळ्या वाजवत तेव्हा मी मनातल्या मनात निम्म्या टाळ्या त्या जिन्याखाली पाठवून देत असे. बाकीच्या निम्म्या ठेवून घेत असे. शेवटी मीही नटच.

तिला सगळे बटाबाई म्हणत. नवी पोरं पाठीमागे 'बटाटाबाई' म्हणायची. ते तिच्या कानावर यायचंच. मग म्हणणाऱ्याच्या विगात एखादी पिन जरा तिरपी राहून जायची, आणि तो पोरगा अख्खा अंकभर डोळ्यांत पाणी आणून बोलायचा. समीक्षक लिहायचे, 'नवोदिताने करुणरस चांगला साधला.'

तिचे वडील ब्रश बनवायचे. कपड्यांचे, बुटांचे, रंगाऱ्याचे. त्यामुळे केसांच्या ढिगातच ती रांगली, असं म्हणायला हरकत नाही. नाट्यगृहात आली तेव्हा दोन वेण्या घालायची. माझ्या ओळखीची झाली तेव्हा एक. आणि आता आखूड पांढरे केस, तेही स्वतःच कापलेले. "दुसऱ्याच्या डोक्याचा एवढा विचार केलाय, स्वतःच्या डोक्याला वेळच मिळाला नाही," असं म्हणायची. लाकडी ठोकळ्यावर बारीक जाळी ताणायची, हातात सुईएवढी आकडी घ्यायची आणि एकेक केस त्या जाळीत ओवून गाठ मारायची. एकेक. एका विगाला महिना लागला तरी लागो. आणि सगळं झालं की एका वाटीतलं डिंकाचं पातळ पाणी कुंचल्यानं वरून फिरवायची. त्याला ती 'शेवटचा हात' म्हणायची. शेवटचा हात फिरल्याशिवाय तिच्या टेबलावरून एकही डोकं कधी उठलं नाही. त्या हातानंतर वादळाच्या प्रवेशातसुद्धा माझा एक केस जागचा हलत नसे. वादळ म्हणजे विंगेतला मोठा पंखा, पण पंखासुद्धा जोरदार होता.

एक गंमत सांगतो. या बाईनं उभ्या आयुष्यात एकही नाटक समोर बसून पाहिलं नाही. विंगेत उभी राहून फक्त डोकी पाहिली. एखाद्या गाजलेल्या प्रयोगाची आठवण काढावी, तर म्हणायची, "हां, ज्यात तिसऱ्या अंकात तुमची डावी बाजू सुटली होती, तेच ना?" मी त्या भूमिकेसाठी रक्त आटवलं होतं!

तर अशा या बाईंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रयोग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. नाटकाचा नव्हे. तोच सांगायला बसलोय.

मी रंगभूमी सोडली होती, पण नाट्यगृह सोडवत नव्हतं. रोज दुपारी जिन्याखाली जाऊन बाईंचा चहा प्यायचा, हा माझा निवृत्तीनंतरचा व्यवसाय. त्या वर्षी नव्या व्यवस्थापकांनी ठरवलं की विग आता तयारच मागवायचे, खोक्यातून. मोसम संपला की जिन्याखालची खोली रिकामी करायची आणि तिथे प्रेक्षकांना फोटो काढायला एक सोनेरी सिंहासन ठेवायचं.

"सिंहासन!" मी म्हणालो. "माझं?"

"तुमच्या सिंहासनाला वाळवी लागली राजे," बाई म्हणाल्या. त्या मला राजेच म्हणत. अर्धा मान, अर्धा टोमणा. "नवीन आणतायत. प्लास्टिकचं."

एवढंच बोलल्या आणि आकडी पुन्हा जाळीत घातली. पण त्या दिवशी चहात साखर घालायला विसरल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचा दिवेवाला धापा टाकत खोलीत शिरला. हातात उलटी धरलेली टोपी.

"बाई, माझ्या हातून खून झालाय!"

"कुणाचा?" बाईंनी मान वर केली नाही.

"अजून पुरता झाला नाही. बघा तरी!"

टोपीत एक काळं पाखरू होतं. आमच्या इमारतीच्या वळचणीला पाकोळ्यांची जुनी वस्ती आहे. विळ्यासारखे पंख, बोथट तोंड. संध्याकाळी चिरक्या आवाजात ओरडत कौलांभोवती अशा सुसाट फिरतात, जणू शाळा सुटलीय. त्यांतलंच हे एक पिल्लू, नुकतंच पंख फुटलेलं. पहिल्याच उड्डाणात फटीतून आत आलं आणि रंगमंचावरच्या तापल्या दिव्यावर जाऊन आदळलं. डाव्या पंखाची लांब पिसं अर्ध्यावर करपली होती.

गंमत बघा. जन्मभर आम्ही निसर्ग खोटा उभा केला. पत्रा हलवून गडगडाट, कापसाचा बर्फ, पडद्यावर रंगवलेलं आकाश. आणि त्या पडद्याच्या मागच्या फटीतून खरं आकाश एवढंसं होऊन आमच्या टोपीत येऊन पडलं होतं.

दिवेवाल्याला रडूच फुटायचं बाकी होतं. आम्ही तिघं टोपी घेऊन पुलापलीकडच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर तरुण, चष्म्याची, बोलायला मोकळी. मला बघून "आजोबा, तुम्ही बसा" म्हणाली. सम्राटाला आजोबा! बसलो.

तिनं पंख अलगद उलगडला आणि तिचा चेहरा उतरला.

"हाड शाबूत आहे. पण ही पिसं नसतील तर ही उडणार नाही. आणि पाकोळी म्हणजे उडणंच हो. एकदा बाहेर पडली की खाणं, पिणं, झोप, सगळं हवेत. जमिनीवर उतरतच नाही."

"मग नवी पिसं येईपर्यंत ठेवायची," दिवेवाला म्हणाला.

"ती पुढच्या वर्षी येतील. पिंजऱ्यात पाकोळी वर्ष काढत नाही. आणि दिवस लहान व्हायला लागलेत. कुठल्याही दिवशी थवा दक्षिणेला निघेल. त्याच्या आत ही उडाली, तर वाचली."

"आणि नाही उडाली तर?" मी विचारलं.

डॉक्टरनं चष्मा पुसला.

मग म्हणाली, "एक उपाय आहे. करपलेलं पीस मुळाजवळ थोडं ठेवून कापायचं. त्याची नळी पोकळ असते. मेलेल्या पाकोळीचं त्याच जागचं पीस घ्यायचं, बांबूची बारीक काडी दोन्हींत घालून जोडायचं. ससाणे पाळणारे जुने लोक हे करायचे. मीही ससाण्यांवर केलंय. पण ससाण्याची नळी कुठे आणि हिची कुठे! पाकोळीवर दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा नळी चिरली. माझे हात वाईट नाहीत, पण एवढे बारीकही नाहीत."

टेबलावर पडलेलं एक सुटं पीस बटाबाईंनी उचललं, उजेडात धरलं, दोन बोटांतून ओढलं. एकदा सुलट, एकदा उलट.

"डॉक्टर, हे तर गंगावन झालं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बाईचा अंबाडा बारीक पडला की दुसऱ्याचे केस जोडून मोठा करतात ते," मी माहिती पुरवली. "यांनी नगरातल्या निम्म्या नट्यांना जोडलंय. बाकीच्या निम्म्या कबूल करत नाहीत."

डॉक्टर बाईंच्या बोटांकडे बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बाई, तुम्ही बसा. मी तुम्हाला पंख शिकवते."

पाकोळीला दर तासाला भरवावं लागतं, आणि दवाखान्यात त्या दिवसांत पिल्लांची गर्दी. म्हणून पाकोळी बाईंच्याच घरी गेली, नाट्यगृहामागच्या गल्लीत. तिथे बाईंची थोरली बहीण होती. थोरली म्हणजे शहर बससेवेतली निवृत्त कंडक्टर. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा पेंगणारा माणूस अजूनही दचकून तिकीट काढेल.

दवाखान्यातून आणलेला डबा उघडून तिनं आत पाहिलं. डब्यात रातकिडे होते, पाकोळीचं जेवण.

"किडे! माझ्या स्वयंपाकघरात किडे!"

"ताई, पाहुणीचं खाणं आहे ते."

"पाहुणीला म्हणावं आम्ही जे खातो ते खा. आणि तुला सांगते, ती खोली बंद होतेय तर होऊ दे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तुझं. आता गुमान घरी बसायचं, तर ही नवी भानगड!"

"एकदाच गं."

"तू आकडी हातात घेतलीस तेव्हाही एकदाच म्हणाली होतीस!"

पण दुसऱ्याच दिवशी मी गेलो, तेव्हा थोरली खिडकीशी बसली होती. एका हातात पाकोळी, दुसऱ्या हातात चिमटा. पाकोळी आपणहून तोंड उघडत नाही, चोचीच्या कडेनं हळूच उघडावं लागतं. थोरली म्हणत होती, "चला, आ करा, आ करा! खोळंबा करू नका, मागे गर्दी आहे. हां. गिळा. पुढचा!" मला बघून तिनं चिमटा माझ्यावर रोखला. "हसायचं नाही."

पाकोळीची पिल्लं उडण्याआधी पंखांवर जोर देऊन अंग उचलतात, खाली टेकतात, पुन्हा उचलतात. ही करपलेल्या पंखावरसुद्धा ते करून बघायची आणि डावीकडे कलंडायची. थोरली म्हणायची, "दंड काढतेय बिचारी. एका बाजूचे."

पहिला प्रयोग जिन्याखालच्या खोलीत झाला, सकाळच्या उजेडात. डॉक्टरनं औषध हुंगवून पाकोळीला झोपवलं आणि पंख धरला. बाईंनी बांबूची केसाहून थोडी जाड काडी तासली, टोकाला इवलासा गोंद घेतला आणि श्वास रोखून नळीत सरकवली. नळी चिरली नाही. डॉक्टर आनंदानं पुटपुटली, "गेली! गेली आत!" मग दुसरं पीस. मग तिसरं. एक पीस जरा वळलेलं बसत होतं, ते डॉक्टरनं ओळखलं, बाईंनी फिरवलं. दोन डोकी एकमेकांना टेकली होती, आणि कुठलं पांढरं कुठलं काळं ते सोडलं तर फरक कळत नव्हता. काम संपलं तेव्हा पंख असा दिसत होता की जणू कधी करपलाच नव्हता. दिवेवाल्यानं खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद केला. आमच्यात याला सलामी म्हणतात.

डॉक्टर सामान आवरायला वळली. बाईंनी पंखाकडे डोळे भरून पाहिलं. मग त्यांचा हात सवयीनं वाटीकडे गेला. कुंचला बुडवला. आणि शेवटचा हात फिरवला. पंख असा चमकला म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीचा निरोप आला. आम्ही धावलो. पाकोळी कोपऱ्यात फुगून बसली होती. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या काड्या झाल्या होत्या. दोन नवी पिसं तिनं स्वतःच चोचीनं उपटून टाकली होती. दंड काढणं बंद. खाणं बंद.

डॉक्टरनं पंखाला बोट लावलं, बोट बोटाला घासलं. "बाई, यावर काय लावलंत?"

"शेवटचा हात," बाई म्हणाल्या.

डॉक्टर ओरडली नाही. तिनं पिशवीतून भिंग काढलं, एक चांगलं पीस त्याखाली धरलं आणि बाईंना बघायला लावलं. मीही नंतर पाहिलं. पिसाच्या प्रत्येक धाग्याला आणखी धागे, आणि त्यांना आकडे! बाईंच्या आकडीसारखेच, पण किती लहान ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही. ते एकमेकांत अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. पाखरू दिवसभर चोचीनं तेच नीट करत बसतं.

"हे हलायला हवं, बाई. वाकायला हवं. सुटायला हवं. तुम्ही ते सगळं बसवून टाकलंत."

बाई भिंगावरून उठल्याच नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "स्वतःला विंचरणारा विग मी कधी पाहिलाच नव्हता."

कोमट पाण्यानं पंख धुतला. डिंक गेला, पण उरलेली नवी पिसंही मोडकी निघाली. डॉक्टरच्या पेटीत मेलेल्या पाकोळ्यांची पिसं होती, मात्र पंखातल्या या जागांची आता एकेकच उरली होती. म्हणजे आणखी एकच प्रयोग. वर आभाळात थवा दाट होत चालला होता. दुरून दुरून पाकोळ्या येऊन मिळत होत्या. निघायची तयारी.

"मला नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "मी दिसण्याचं काम करणारी बाई. दहाव्या रांगेतून बरं दिसलं की झालं. हे माझं काम नव्हे. डॉक्टर, तुम्हीच करा."

डॉक्टर म्हणाली, "माझ्या हातून नळी चिरणार, हे मला माहीत आहे. तुमच्या हातून डिंक लागणार नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. मग कुणी करायचं?"

मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात काहीतरी भव्य बोलायला तोंड उघडलं होतं, पण थोरलीनं मला हातानंच थांबवलं.

"ऐक," ती बहिणीला म्हणाली. "अख्खा जन्म बसमध्ये काढला मी. चुकीच्या स्टॉपवर उतरणारी माणसं रोज पाहिली. रडतात, बसला शिव्या देतात, मग उलट बाजूची बस पकडून परत येतात. चुकीच्या स्टॉपवर घर बांधून राहिलेलं कुणी मी पाहिलं नाही. चल, ऊठ."

"तूच म्हणत होतीस ना, घरी बस म्हणून?"

"ते किडे भरवायच्या आधी!"

त्यानंतर बाईंनी एक गोष्ट केली, जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. नाट्यगृहाच्या गच्चीवर खुर्ची टाकून त्या समोर बघत बसल्या. दुपार ते संध्याकाळ. विंगेतून नव्हे, समोरून. मी त्यांच्या शेजारी बसलो. पाकोळ्या डोक्यावरून सूं करून जायच्या, वळायच्या, पंखाची टोकं वाऱ्यात वाकायची आणि सरळ व्हायची.

"राजे, वळताना बघा. टोकाची पिसं आधी सुटतात, मग मिटतात."

"मला फक्त काळा ठिपका दिसतोय बाई."

"तुम्हाला स्वतःशिवाय कधी काय दिसलंय म्हणा!" आणि मग हळूच, "मी सगळ्यांचे केस असे घट्ट का बसवत आले हो?"

"कारण आम्ही खोटे राजे होतो," मी म्हणालो. "खरा राजा केस विस्कटले म्हणून घाबरत नाही."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

खाली खोलीत त्या कबुतरांच्या गळलेल्या पिसांवर हात बसवत होत्या. डॉक्टर दवाखाना सुटला की यायची. दोघींची भाषा एकमेकींत मिसळायला लागली. डॉक्टर म्हणायची, "ही बट जरा आत घ्या." बाई म्हणायच्या, "हवेचा दाब खालून येईल ना?" मला कुणी विचारत नव्हतं. मी चहा करत होतो. हो, मी, सम्राट.

दुसऱ्या प्रयोगाच्या सकाळी पुन्हा तेच. काडी, गोंद, नळी. बाईंचा हात हलका होता, आधीपेक्षाही हलका. प्रत्येक पीस बसलं की डॉक्टर पंख मिटायची, उघडायची. नीट सरकतंय ना ते दोघी बघायच्या. शेवटचं पीस बसलं. पंख पूर्ण झाला. बाईंनी पाहिलं, आणि देवाशपथ सांगतो, उजवा हात आपोआप उठला आणि टेबलाच्या कोपऱ्याकडे निघाला.

तिथे काहीच नव्हतं.

"वाटी मी घासून पालथी घातलीय," दारात उभी थोरली म्हणाली. "कुंचला बाहेर फेकलाय. हात खाली घे."

डॉक्टर हसता हसता रडायला लागली. बाईही.

दुसऱ्या दिवशी पाकोळीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे डावा पंख ताणून एकेक पीस चोचीतून ओढलं. थोरलीनं डोळे गच्च मिटून घेतले. "उपटलं का? सांग ना, उपटलं का?"

"नाही ताई. विंचरतेय."

आणि मग तिनं दोन्ही पंख जमिनीला टेकवले, अंग उचललं, सरळ, कुठेही न कलंडता. टेकली. पुन्हा उचललं. थोरलीचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला. "दोन्ही बाजूंचे! दोन्ही बाजूंचे दंड काढतेय!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

डॉक्टरनं तोलून पाहिलं, पंख तपासला, म्हणाली, "आजच. थवा उद्यापर्यंत थांबेल असं वाटत नाही."

त्या संध्याकाळी नाटकाचा प्रयोग होता. दिवेवाल्यानं इमारतीवरचे सगळे दिवे बंद केले. व्यवस्थापक धावत आले. "अरे, बाहेरचे दिवे बंद का? लोकांना वाटेल आज प्रयोगच नाही!"

"आहे ना साहेब," दिवेवाला म्हणाला. "गच्चीवर आहे."

आणि मग जे झालं ते मला नीट सांगता आलं पाहिजे. आयुष्यभर भरलेलं नाट्यगृह पाहिलेला माणूस आहे मी, तरी सांगतो, असं भरलेलं पाहिलं नाही. अर्धा रंग लावलेले नट गच्चीवर आले. एकीच्या डोक्यावर खोक्यातला विग तिरका, दुसऱ्याच्या पायात एकच बूट. खाली तिकिटाची रांग मान वर करून उभी. व्यवस्थापकही आले, उगाच कडेला उभे राहिले. ऊन तिरपं झालेलं, आणि डोक्यावर शेकडो पाकोळ्यांचा कल्ला.

डॉक्टरनं पाकोळीचं खोकं उघडलं. "बाई, तुम्ही सोडा."

"मी? तुम्ही डॉक्टर."

"पंख कुणाचा?"

"तिचा," बाई म्हणाल्या. पण हात पुढे केला.

पाकोळी उघड्या तळहातावर बसली. उडाली नाही. वर बघत थरथरत राहिली. बाईंचा हात मात्र दगडासारखा स्थिर. थोरली पुटपुटत होती, "चला, पुढे चला, दार मोकळं करा." कुणीतरी खोकलं, तर सगळ्या गच्चीनं त्याच्याकडे डोळे वटारले. नाटकात हा मान मला कधी मिळाला नाही.

आणि ती सुटली. वर नाही. खाली! कठड्याच्या खाली दगडासारखी गेली आणि दिसेनाशी झाली. दिवेवाल्यानं टोपी तोंडावर धरली. बाईंचा हात तसाच पुढे, रिकामा.

खालून रांगेतून एक ओरडा आला. आधी एक, मग सगळ्यांचा. ती लोकांच्या डोक्यांवरून, रस्त्याच्या मधोमध, बाणासारखी निघाली, समोरच्या इमारतीशी वळली, उठली, उठली, आणि आमच्या कठड्यावरून सूं करून वर गेली. पंखाची टोकं वाकली आणि सरळ झाली. मी पाहिलं! या खेपेला मलाही दिसलं! क्षणभर ती एकटी होती, मग वरच्या कल्ल्यात अशी मिसळली की कुठली आपली ते ओळखू येईना.

टाळ्या! खालून, वरून, खिडक्यांतून. नट टाळ्या वाजवत होते, आमच्या जमातीत सर्वांत दुर्मीळ गोष्ट. थोरली शिट्टी वाजवत होती, खरी कंडक्टरची शिट्टी, कुठून आणली देव जाणे. आणि मी? भरल्या नाट्यगृहासमोर मी कधीही डोकं उघडं केलं नव्हतं. त्या संध्याकाळी टोपी काढली, टक्कल उन्हात धरलं आणि जिन्याखालच्या बाईपुढे कमरेत वाकलो. इतकी वर्षं निम्म्या टाळ्या मनातून पाठवत होतो, त्या दिवशी सगळ्या हातोहात दिल्या.

बाई वर बघत होत्या. डोळे बारीक केलेले.

"डावीकडचं तिसरं पीस अजून जरा वर राहिलंय," त्या म्हणाल्या.

"एवढ्या लांबून दिसतंय तुला?" थोरली म्हणाली. "ऑपरेशन झालेले डोळे ते!"

"दिसत नाही गं. पण ठाऊक आहे." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी कुठल्याही भूमिकेत आणू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. गल्ली शांत. कौलांभोवती कुणी नाही. एक चिरका आवाज नाही. थवा गेला होता. रिकाम्या नाट्यगृहाचं दुःख मी पुष्कळ सोसलंय. पण त्या सकाळी अख्खं रिकामं आभाळ डोक्यावर होतं, आणि मी रस्त्यात उभा राहून हसत होतो.

जिन्याखालच्या खोलीत आता प्लास्टिकचं सोनेरी सिंहासन आहे. मी एकदा बसून पाहिलं, करकरतं. बाईंचं टेबल, ठोकळे आणि आकड्या दिवेवाल्यानं हातगाडीवर घालून पुलापलीकडे नेल्या. दवाखान्यात खिडकीशी त्यांना जागा मिळाली. परवा गेलो तर एका ससाण्याची शेपटी जोडत होत्या. मला म्हणाल्या, "राजे, याचा तोरा बघा. तुमचीच आठवण येते." डॉक्टर शेजारी बसून त्यांच्याकडून बांबू तासायला शिकत होती आणि त्यांना पिसांच्या वाढीबद्दल काहीतरी सांगत होती. दोघीही एकाच वेळी बोलत होत्या, आणि दोघींनाही सगळं ऐकू येत होतं.

राहिली थोरली. तिच्या स्वयंपाकघरात रातकिड्यांचा डबा उरला होता. बाईंनी विचारलं, "ताई, सोडून देऊ का गं?"

"अजिबात नाही," थोरली म्हणाली. "पुढच्या वर्षी पाहुणी आली आणि घरात खायला काही नसलं तर?"

डबा आता तिच्याच स्वयंपाकघरात, मी हल्ली रोज चहाला बसतो त्या खुर्चीमागच्या फळीवर आहे. मी बसलो, की रातकिडे माझ्यामागे एका सुरात गात असतात. मी त्यांना विंगेतली मंडळी समजतो आणि कपाला तोंड लावण्याआधी हळूच मान लववतो.